परतीची वाट अनाथालयाकडे

परदेशातून दत्तक घेतलेल्या मुलाच्या जुन्या अनाथालयाला नव्या कुटुंबाची भेट दोन प्रसंगी होते. पहिली दत्तकविधानाच्याच प्रवासात होते. मूल नुकतेच हाती आलेले असते आणि नवे आईवडील ते जिथे वाढले ती जागा एकदा पाहून घेतात. दुसरी काही वर्षांनी, मूल शाळकरी वा तरुण झाल्यावर, प्रश्न विचारू लागल्यावर. पहिल्या भेटीत गरज आईवडिलांची असते, दुसरीत मुलाची. हा फरक ज्यांच्या ध्यानात राहतो, त्यांच्या पदरात या प्रवासातून काही पडते.

अशा भेटींची रीत सर्वांत ठळकपणे रुळली ती चीनमध्ये. 1992 ते 2024 या काळात चीनमधून 1,60,000 हून अधिक मुले परदेशी कुटुंबांत गेली. त्यांतली निम्मी एकट्या अमेरिकेत, उरलेली स्पेन, नेदरलँड्स, कॅनडा, स्वीडन, ब्रिटन अशा देशांत. पहिल्या दोन दशकांत गेलेल्यांत बहुसंख्य मुली होत्या. आज त्यांतल्या अनेकजणी विशी-तिशीत आहेत आणि आपल्या पहिल्या पत्त्याकडे निघाल्या आहेत.

मुले अनाथालयात आली कशी

सप्टेंबर 1980 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सदस्यांना जाहीर पत्र लिहून एकाच अपत्यावर थांबण्याचे आवाहन केले आणि लोकसंख्येचे धोरण कडक झाले. शेतकरी कुटुंबांचा विरोध पाहून बऱ्याच प्रांतांत पुढे सवलत मिळाली. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या अपत्याला मुभा. दुसरीही मुलगी झाली की पेच पडे. खेड्यात निवृत्तिवेतन नव्हते. म्हातारपणी सांभाळायचे ते मुलाने. मुलगी लग्न होऊन परक्या घरी जाणार. वर जबर दंड, सक्तीची नसबंदी आणि घरदार जप्त होण्याची धास्ती.

मूल टाकणे हा गुन्हा होता. आईने कायदेशीरपणे मूल संस्थेच्या हवाली करावे, अशी वाटही नव्हती. मग पहाटेच्या अंधारात बाळ अशा जागी ठेवले जाई की कोणाच्या तरी दृष्टीस पडावे. बाजार, बसस्थानक, इस्पितळाची पायरी, पोलीस चौकी, सरकारी कचेरीचे दार किंवा थेट अनाथालयाचे फाटक. काहींच्या दुपट्यात लाल कागदाची चिठ्ठी सापडे. तिच्यावर जन्माची तारीख आणि वेळ असे, नाव बहुधा नसे. या मुलांच्या कागदपत्रांत आईचे नाव सहसा सापडत नाही, त्याचे मूळ इथे आहे. पुढच्या प्रत्येक भेटीला ही मर्यादा आडवी येते.

टाकलेल्या मुली चीनमध्ये कोणालाच नको होत्या, असा समज पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ होता. के. अ‍ॅन जॉन्सन या अभ्यासक बाईंनी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘चायनाज हिडन चिल्ड्रन’ या पुस्तकात तो खोडून काढला. खेड्यापाड्यांतली कितीतरी कुटुंबे अशी मुलगी आनंदाने वाढवायला तयार होती. परंतु 1 एप्रिल 1992 पासून लागू झालेल्या दत्तक कायद्याने दत्तक घेणारे जोडपे 35 वर्षांपुढचे आणि निपुत्रिक असावे, अशी अट घातली. धोरणातून पळवाट निघू नये, हा त्यामागचा हेतू. देशातली दारे अशी अरुंद झाली आणि त्याच कायद्याने परदेशी दत्तकाला रीतसर वाट मिळाली. 1999 मध्ये वयाची अट 30 वर आली, पण तोवर हजारो मुली समुद्रापार गेल्या होत्या.

संस्थेच्या भिंतींआड

ही अनाथालये म्हणजे नागरी व्यवहार खात्याच्या अखत्यारीतील समाजकल्याण संस्था. शहराची वा तालुक्याची एक. एकाच आवारात निराधार वृद्ध, अपंग प्रौढ आणि टाकलेली मुले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी या संस्थांवर बाळांचा लोंढा कोसळला आणि पैसा, माणसे, औषधे सगळेच अपुरे पडले. 1995 मध्ये ‘द डाइंग रूम्स’ हा ब्रिटिश माहितीपट आणि जानेवारी 1996 मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’चा अहवाल यांनी तिथल्या बालमृत्यूंकडे जगाचे लक्ष वेधले. बीजिंगने आरोप फेटाळले. संस्थांची दारे परक्यांना काही काळ अधिकच घट्ट बंद झाली.

पैसा आला तो दत्तकविधानांतून. प्रत्येक परदेशी कुटुंबाने संस्थेला देणगी द्यायची असे. ती आधी साधारण 3,000 डॉलर होती, पुढे 35,000 युआन झाली. त्यातून इमारती सुधारल्या, माणसे वाढली. दत्तक मुलीची अमेरिकन आई जेनी बोवेन यांनी 1998 मध्ये ‘हाफ द स्काय’ ही संस्था काढली आणि अनाथालयातल्या बाळांना कडेवर घेणारे, त्यांच्याशी बोलणारे माणूस मिळावे यासाठी स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. पण याच देणगीमुळे मुलाला किंमत आली. त्याची फळे पुढे दिसली.

भेटीला गेलेल्या कुटुंबाला या व्यवस्थेच्या खुणा साध्या गोष्टींत दिसत. भिंतीलगत ओळीने मांडलेले छोटे पलंग, एकेका खोलीत डझनभर. हिवाळ्यात खोलीला ऊब नसली की बाळांच्या अंगावर कपड्यांचे थर, इतके की हात धड खाली येऊ नयेत. मागून उघडी असलेली विजार, म्हणजे लंगोट धुण्याचे काम वाचते. दुधाची बाटली उशीला टेकवून तोंडात दिलेली, कारण एका बाईच्या वाट्याला अनेक बाळे. सतत उताणे झोपून डोक्याची मागची बाजू चपटी झालेली. निष्काळजीपणाही कुठे कुठे होता. बाकी बहुतेक गोष्टींत अपुऱ्या हातांनी चालवलेला संसार दिसे.

नवे कुटुंब, पहिली भेट

ठरलेली पद्धत अशी होती. कुटुंबाची कागदपत्रे बीजिंगच्या केंद्रीय दत्तक केंद्राकडे जात. केंद्र मूल सुचवी. एक फोटो आणि दोन-तीन पाने माहिती येई. मग कुटुंब त्या प्रांताच्या राजधानीत, छांगशा, नानछांग, हफेई वा नाननिंगला पोहोचे. मूल त्यांच्या हाती येई ते बहुधा अनाथालयात नव्हे, तर हॉटेलात किंवा सरकारी कचेरीत. संस्थेच्या बाया मिनीबसमधून बाळे घेऊन येत, नावे पुकारली जात आणि काही मिनिटांत एक आयुष्य दुसरीकडे वळे. नंतर नोंदणी, पासपोर्टसाठी काही दिवसांचा मुक्काम आणि अमेरिकन कुटुंबांना शेवटी व्हिसासाठी क्वांगचौ. तिथल्या शामियन बेटावरचे व्हाइट स्वान हॉटेल दत्तक कुटुंबांनी इतके गजबजलेले असे, की मॅटेल कंपनीने तिथे उतरणाऱ्यांना द्यायला कडेवर चिनी बाळ घेतलेली खास बार्बी बाहुली काढली होती.

पासपोर्टच्या प्रतीक्षेतल्या दिवसांत अनाथालय पाहता येई. संस्था राजधानीपासून काही तासांच्या अंतरावर असे. काही संस्था होकार देत, काही सरळ नकार. या भेटीचा लाभ उघड होता. बाळ कुठल्या पलंगावर झोपे, दूध किती घट्ट पिई, झोपताना त्याला काय लागे, कोणाकडे बघून हसे, हे सांभाळणाऱ्या बाईकडून जागेवर कळे. फोटो मिळत. दहा वर्षांनी ती इमारत पाडली गेली, तर तेच फोटो उरत.

धोकाही तितकाच उघड होता. दीड-दोन वर्षांच्या मुलाला आपण परत सोडले जात आहोत असे वाटू शकते. ओळखीची खोली, ओळखीची बाई, आणि पुन्हा तिथून निघणे, म्हणजे एका आठवड्यात दोनदा ताटातूट. जाणते मूल असेल तर ते मागे राहिलेल्या मित्रांना तोंड द्यायला कचरते. म्हणून अनेक समुपदेशकांचा सल्ला असे की पालकांपैकी एकाने जाऊन पाहून यावे, फोटो घ्यावेत, दुसऱ्याने मुलाबरोबर हॉटेलात थांबावे. मुलाला न्यायचेच असेल तर भेट थोडक्यात आटोपावी आणि पूर्ण वेळ मूल पालकांच्या कडेवर असावे. मोठ्या मुलाला निरोप घ्यायचा असतो. त्याला तो घेऊ द्यावा.

काही वर्षांनी

दुसरी भेट म्हणजे मुळांचा शोध. चीनने या प्रवासांना उत्तेजन दिले. केंद्रीय दत्तक केंद्राशी संलग्न व्यवस्थेतून सहली निघू लागल्या, अमेरिकेतल्या दत्तक संस्थांनी आणि खासगी प्रवासी कंपन्यांनीही त्या काढल्या. बीजिंगजवळची चीनची भिंत, शीआनचे मातीचे सैनिक, छंगदूचे पांडा आणि मधल्या एका दिवशी अनाथालय, असा आराखडा असे. परवानगी आधी काही महिने काढावी लागते. दत्तकपत्र, मुलाचा जुना चिनी नावाचा पासपोर्ट, संस्थेचे नाव हे कागद जोडावे लागतात. शेवटचा शब्द स्थानिक संस्थेचा आणि प्रांताच्या खात्याचा.

त्या दिवसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. आधी बैठकीच्या खोलीत संचालक स्वागत करतात. लांब टेबल, चहा, कलिंगडाच्या फोडी, दुभाषा. औपचारिक चार शब्द होतात. मग इमारत दाखवतात, तीही दाखवायच्या ठरलेल्या भागापुरती. मुलांचे फोटो काढायला मनाई असते, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर फाइल समोर येते. शेवटी जेवण. यजमान कोण आणि बिल कोणाचे, हे आधी विचारून घेतलेले बरे. बहुतेक कुटुंबे संचालकांना आणि जुन्या सेविकांना जेवायला बोलावतात, आणि खरी माहिती कचेरीपेक्षा याच गोल टेबलाभोवती निघते.

भेटवस्तूंबाबत शिस्त लागते. मुलांच्या हातात थेट गोळ्या-चॉकलेटे वाटणे टाळावे. कोणाला कसला आजार, कोणाचे पथ्य काय, पाहुण्याला ठाऊक नसते. संस्थेला विचारून लंगोट, दुधाची भुकटी, औषधे तिथल्याच दुकानातून घेतलेली उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट पाहुण्यांना चकित करते. आज या संस्थांत निरोगी तान्ह्या मुली जवळजवळ नाहीत. आहेत ती बहुतांशी अपंग वा गंभीर आजारी मुले. 2014 च्या जानेवारीत क्वांगचौच्या संस्थेने नको असलेली बाळे सुरक्षित ठेवता यावीत म्हणून एक खोली उघडली. दोन महिने पुरे होण्याआधी तिथे 262 बाळे आली, सगळी आजारी वा अपंग, आणि खोली बंद करावी लागली. आपल्यासारखी मुले पाहायला मिळतील या कल्पनेने गेलेल्या मुलीला वेगळेच दृश्य दिसते. तिला आधी सांगून ठेवणे पालकांचे काम.

फाइल, मावशी आणि सापडल्याची जागा

या भेटीतून तीन गोष्टी हाती लागू शकतात. पहिली फाइल. तीत सापडल्याची तारीख आणि जागा, आणणाऱ्याचे नाव, पोलिसांचा दाखला, प्रवेशाच्या वेळची वैद्यकीय तपासणी असते. दत्तकविधानापूर्वी मुलाचा फोटो प्रांतिक वृत्तपत्रात छापून पालकांनी पुढे यावे म्हणून 60 दिवस वाट पाहिली जाई; ते कात्रणही मिळते. कित्येकींच्या बाबतीत तो त्यांचा सर्वांत जुना फोटो ठरला आहे. दत्तकविधानाच्या वेळी न दिलेली लाल चिठ्ठी किंवा अंगावरचे कपडे याबद्दलची नोंद कधी फाइलमध्ये निघते. नावाचा खुलासाही होतो. आडनाव संस्थेने दिलेले असते. कुठे गावाच्या नावावरून, कुठे सरसकट ‘फू’ म्हणजे कल्याण, ‘दांग’ म्हणजे पक्ष किंवा ‘ग्वो’ म्हणजे राष्ट्र. अशा आडनावांनी मूल जन्मभर अनाथ म्हणून ओळखू येते, हे लक्षात आल्यावर पुढे नेहमीची आडनावे देण्याकडे कल वळला. जन्मतारीखही पुष्कळदा डॉक्टरने अंदाजाने लिहिलेली असते. वाढदिवस म्हणून साजरा होणारा दिवस अंदाजाचा आहे, हे फाइल पाहताना स्पष्ट होते.

दुसरी गोष्ट मावशी. सांभाळणाऱ्या बाईला मुले मावशी म्हणूनच हाक मारतात. शेकडो बाळे हाताखालून गेलेली बाई एखादीला नेमकी ओळखते, याचे बाहेरच्याला नवल वाटते. कानामागचा तीळ, रडण्याची तऱ्हा, पायाची वळलेली करंगळी, असल्या खुणांवर ती ओळखते. ‘फाउंड’ या 2021 च्या माहितीपटात अमेरिकेत वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या तीन मुली दिसतात. डीएनए चाचणीतून त्या एकमेकींच्या चुलत-मावस बहिणी निघतात आणि मिळून चीनला जातात. जन्मदात्यांचा पत्ता लागेलच याची खात्री नसलेल्या त्या प्रवासात जुन्या मावशीला भेटणे हाच सर्वांत भरीव क्षण ठरतो. आपल्याला कोणीतरी कडेवर घेत होते, भूक लागली की धावत येत होते, याची जिवंत साक्षीदार ती एकच असते.

काही मुले संस्थेच्या नावावर असली तरी प्रत्यक्षात जवळच्या गावात पालनकर्त्या कुटुंबाकडे वाढलेली असतात. अशा मुलाच्या बाबतीत अनाथालय ही केवळ कचेरी. खरे पहिले घर ते गावातले. तिथे आई म्हटलेली बाई असते, भांडलेला भाऊ असतो, भिंतीवर अजून लावलेला फोटो असतो. फाइलमध्ये पालनकर्त्यांचा उल्लेख आहे का, हा प्रश्न म्हणून आवर्जून विचारावा. विचारल्याशिवाय तो कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट सापडल्याची जागा. बाजाराचे तोंड, पुलाचा कठडा, शाळेचे फाटक. तिथे पाहण्यासारखे काही नसते. भाजीवाले, स्कूटर, धूळ. पण रहदारीची जागा पाहिली की मुलीला एक गोष्ट उमगते: जिथे लवकर सापडेल अशाच ठिकाणी ठेवले होते. हा आधार मोठा आहे. मात्र तो पालकांनी शब्दांत भरवू नये. ‘तुझ्या आईचे तुझ्यावर फार प्रेम होते, म्हणून तिने तुला सोडले’ असे सांगितलेल्या मुलीला प्रेम म्हणजेच सोडून जाणे असा अर्थ लागू शकतो.

वय आणि तयारी

पहिल्या परतभेटीसाठी आठ ते बारा हे वय साधारणपणे सोयीचे मानले जाते. मूल गोष्ट समजण्याइतके मोठे असते आणि किशोरवयाची धग अजून लागलेली नसते. पण वयापेक्षा मुलाची इच्छा महत्त्वाची. त्याला जायचे नसेल तर नाही. दारापर्यंत जाऊन माघारी वळायचे असेल तर तेही चालावे. अनाथालय प्रवासाच्या पहिल्याच दिवशी ठेवू नये आणि शेवटच्या दिवशीही नको. आधी देशाची, जेवणाची, भाषेची सवय व्हावी. नंतर विमान गाठण्याची घाई नसावी, कारण प्रतिक्रिया त्याच दिवशी येते असे नाही. कित्येकजणी भेटीत हसत-खिदळत राहतात आणि दोन दिवसांनी जेवणावरून आदळआपट करतात. बरोबर दुसरी दत्तक मुलगी असेल, आणि एकीच्या फाइलमध्ये चिठ्ठी निघाली व दुसरीच्यात कोरा कागद, तर घरातल्या घरात नवे दुखणे उभे राहते. तुलना होणार हे धरून चालावे.

पालकांनाही स्वतःची तयारी लागते. संस्थेचे आभार मानायचे ओझे मुलावर टाकू नये. ‘बघ, तू किती नशीबवान’ हे वाक्य अनाथालयाच्या आवारात तरी उच्चारू नये. मागे राहिलेल्या मुलांकडे पाहत आपण नशीबवान ठरणे हे लहान जिवाला पेलत नाही. प्रश्न मुलाने ठरवावेत, लिहून घ्यावेत, आणि दुभाष्याला आदल्या दिवशी समजावून द्यावेत.

कागद खोटा निघाला तर

2005 च्या अखेरीस हूनान प्रांतातल्या हंगयांग भागात अनाथालये दलालांकडून बाळे विकत घेत होती, असे उघड झाले. बाळे दूरच्या क्वांगतुंग प्रांतातून आणून ‘इथेच फाटकाशी सापडली’ अशा नोंदी केल्या जात. पुढच्या वर्षी न्यायालयाने अनेकांना शिक्षा केली. 2011 मध्ये ‘त्साइशिन’ नियतकालिकाने हूनानच्याच लुंगहुई तालुक्यातले प्रकरण बाहेर काढले. तिथे कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी दंड न भरलेल्या घरांतून बाळे उचलून अनाथालयात दिली होती. पत्रकार बार्बरा डेमिक यांचे 2025 मध्ये आलेले पुस्तक अशाच जुळ्या बहिणींचे आहे. एक 2002 मध्ये घरातून नेली गेली आणि अमेरिकेत वाढली, दुसरी गावात राहिली.

यामुळे भेटीचा अर्थ बदलला. संस्थेने दाखवलेली जागा, नाव, तारीख यांपैकी काहीही रचलेले असू शकते, हे आता सुजाण पालक गृहीत धरतात. संचालकांशी वाद घालून उपयोग नसतो. बोलणारी व्यक्ती बहुधा त्या काळी तिथे नव्हतीच. नोंदी नम्रपणे पाहाव्यात, प्रती मागाव्यात, आणि पडताळणी बाहेर करावी. अमेरिकेतल्या ब्रायन स्टाय या दत्तक पित्याने हजारो मुलांच्या वृत्तपत्रीय जाहिराती जमवल्या. एकाच फाटकाशी, एकाच माणसाला ओळीने बाळे सापडल्याचे नमुने त्यातून पुढे आले. डीएनए चाचण्यांनी पुढची वाट उघडली. आता शोध दोन्हीकडून चालतो. मुली नमुने देतात तसे चीनमधले वृद्ध आईवडीलही देतात. मात्र अनाथालयाची भेट आणि जन्मदात्यांचा शोध या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. भेटीचा पुढाकार पालक घेऊ शकतात, शोधाचा निर्णय मात्र मुलाचा स्वतःचाच असावा.

दार बंद झाल्यावर

अमेरिकेत चीनमधून जाणाऱ्या मुलांचा आकडा 2005 मध्ये सर्वाधिक होता. त्या एका वर्षात सुमारे 7,900. 2007 पासून चीनने पालकांच्या अटी कडक केल्या, देशांतर्गत दत्तक वाढले, आणि परदेशी जाणाऱ्यांत विशेष गरजा असलेली मुले बहुसंख्य झाली. 2020 मध्ये कोविडने प्रक्रिया थांबली. 5 सप्टेंबर 2024 रोजी चीनच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले की यापुढे परदेशी दत्तक बंद. अपवाद जवळच्या नात्यातील मूल घेणाऱ्यांचा. आधी फोटो पाहून ज्यांना होकार मिळाला होता, अशी शेकडो अमेरिकन कुटुंबेही अर्ध्यावर राहिली.

त्यामुळे नव्या कुटुंबाची पहिली भेट चीनपुरती इतिहासजमा झाली. उरली ती परतभेट. तिलाही काळाची मर्यादा आहे. जुन्या इमारती पडून नव्या जागी संस्था गेल्या, छोट्या संस्था मोठ्यांत विलीन झाल्या. नव्वदच्या दशकातल्या मावश्या निवृत्त होऊन मुलांकडे राहायला गेल्या.

महाराष्ट्रातली दारे

मराठी वाचकाला हा विषय परका नाही, कारण पुणे-मुंबईच्या संस्थांतून गेलेली मुले स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिकेतून परत येऊन हीच दारे ठोठावतात. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर 1979 साली पुण्यात जन्मली. ससून रुग्णालयाच्या आवारातील ‘श्रीवत्स’मधून हरेन आणि सू स्थळेकर या दांपत्याने तिला दत्तक घेतले. पुढे नावारूपाला आल्यावर तिने ‘श्रीवत्स’ला भेटही दिली. कोलकात्याच्या संस्थेतून 1987 मध्ये टास्मानियाला गेलेल्या सरू ब्रायर्ली याने उपग्रहचित्रांवरून आपले मूळ गाव खांडवा शोधून काढले. त्याच्या शोधाची गोष्ट ‘लायन’ चित्रपटाने घरोघरी नेली.

भारतात एक मूलभूत फरक आहे. इथे आई बालकल्याण समितीसमोर मूल कायदेशीरपणे समर्पित करू शकते. फेरविचाराला तिला 60 दिवस मिळतात. त्यामुळे कित्येक फाइलींत आईचे नाव असते आणि पेच उलटा होतो. माहिती असते, पण ती द्यावी की नाही हा प्रश्न. लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये आंतरदेशीय दत्तकाची तत्त्वे घालून दिली, 1990 मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, 2003 मध्ये भारताने दत्तकविषयक हेग करार मंजूर केला. आजच्या दत्तक नियमावलीत मुळांच्या शोधाची स्वतंत्र तरतूद आहे. 18 वर्षांवरील व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याखालील मुलाला पालकांबरोबर यावे लागते. संस्थेने साहाय्य करायचे असते. मूल समर्पित करताना ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केलेल्या आईची ओळख तिच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, आणि त्रयस्थाला मुखत्यारपत्रावर असा शोध घेता येत नाही. शोध घेणाऱ्याचा हक्क आणि कधीकाळी गुपित राखण्याचा शब्द मिळालेल्या स्त्रीचा हक्क, दोन्ही सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे.

नियम आहेत, कमतरता आहे ती नोंदींच्या जतनाची. चाळीस वर्षांपूर्वीची रजिस्टरे अनेक ठिकाणी माळ्यावर आहेत, काही वाळवीने खाल्ली, काही संस्था बंद पडताना कुठे गेली याचा थांग नाही. चीनच्या अनुभवाचा धडा असा, की मूल दत्तक गेले म्हणून त्याची फाइल बंद होत नाही. ते मूल पंचवीस वर्षांनी परत येते. तोवर इमारत राहो न राहो, मावशी भेटो न भेटो, नोंद तरी जागेवर आणि खरी सापडली पाहिजे. राज्यातल्या प्रत्येक दत्तक संस्थेने, आणि बंद पडलेल्या संस्थांच्या बाबतीत महिला व बालविकास खात्याने, ही जुनी रजिस्टरे बाहेर काढून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. हे काम आज करण्याजोगे आहे. आणखी दहा वर्षांनी ते शक्य असेलच असे नाही.